मोबाइलवरचा चॅटबॉट : प्रस्तावना

चॅटबॉटचे ॲप उघडल्यावर पडद्यावर दिसण्यासारखे फारसे काही नसते. वर ॲपचे नाव, खाली एक लांबट चौकट, चौकटीत ‘काहीही विचारा’ अशा अर्थाची फिकट अक्षरे, शेजारी माइक आणि कॅमेऱ्याची चिन्हे. बँकेच्या किंवा रेल्वे तिकिटाच्या ॲपमध्ये कुठे बोट ठेवायचे हे बटणेच सांगतात. येथे तशी बटणे नाहीत, आणि नवखा माणूस अडतो तो या मोकळेपणामुळेच. पुष्कळ जण ‘हाय’ लिहून पाहतात, पलीकडून ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू शकतो?’ असे येते, आणि मामला तिथेच थांबतो. ॲप चालवणे पाच मिनिटांत जमते. नेमके विचारणे जमायला काही दिवस जातात, आणि आलेल्या उत्तरावर किती विसंबायचे हे कळायला त्याहून अधिक.

माणसाच्या भाषेत लिहिलेला किंवा बोललेला मजकूर घेऊन त्याला त्याच भाषेत उत्तर देणारा संगणकीय प्रोग्रॅम म्हणजे चॅटबॉट. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, मेटा एआय ही त्यांतली परिचित नावे. गुगलवर शोधण्याची सवय असलेल्यांना हा त्याचाच पुढचा अवतार वाटतो, पण दोन्हींच्या कामाची जात वेगळी आहे. शोधात इतरांनी लिहिलेली पाने समोर येतात आणि कोणत्या पानावर विश्वास ठेवायचा हे वाचणारा ठरवतो. चॅटबॉट पान दाखवत नाही, त्या क्षणी नवा मजकूर रचतो. तोच प्रश्न संध्याकाळी पुन्हा विचारला तर वाक्ये बदललेली असतात, कधी कधी आशयही.

हे रचणे कसे होते? ‘बाहेर धो धो पाऊस पडतोय, चहाबरोबर गरमागरम कांदा’ इथे वाक्य थांबवले, तर कोणीही मराठी माणूस पुढचा शब्द ‘भजी’ असा सांगेल. त्यासाठी त्याला स्वयंपाकघरात डोकवावे लागत नाही. कढई चुलीवर आहे की नाही याची चौकशीही तो करत नाही. असंख्य वेळा ऐकलेल्या भाषेतून तो शब्द आपसूक येतो. चॅटबॉटमागचे भाषा-प्रारूप प्रचंड मजकुरावर हेच शिकलेले असते: आतापर्यंतची अक्षरे पाहून पुढचा तुकडा कोणता येण्याचा संभव जास्त. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. एक टोकन आले की ते धरून पुढचे, असे करत उत्तर तयार होते, म्हणूनच ते पडद्यावर थबकत थबकत उमटताना दिसते. नंतर माणसांनी उत्तरांना बरे-वाईट ठरवून या प्रारूपाला वळण लावलेले असते. सूचना पाळणे, नम्रपणे बोलणे, घातक गोष्टींना नकार देणे हे त्या वळणाचे फळ. हे सगळे काम दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालते, फोन फक्त नेआण करतो. त्यामुळे साधा फोनही चालतो, नेटवर्क मात्र लागतेच. आणि चौकटीत लिहिलेले प्रत्येक अक्षर फोनबाहेर जाते, हेही त्यातच आले.

यंत्राशी बोलण्याची कल्पना जुनी आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातल्या लेखात, यंत्र विचार करते का हा प्रश्न बाजूला ठेवून, लेखी संभाषणात ते माणसासारखे भासू शकते का असा प्रश्न मांडला. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. समोरच्याने ‘आई’ म्हटले की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’ अशा धर्तीचे वाक्य परत फेकायचे, एवढीच तिची युक्ती. वायझेनबाम यांची सचिव हा प्रोग्रॅम तयार होताना कित्येक महिने पाहत होती. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलून झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. आतले सारे ठाऊक असलेल्या माणसालाही पलीकडे कोणीतरी ऐकते आहे असे वाटू शकते, ही गोष्ट त्यांना इतकी लागली की १९७६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर एक पुस्तकच लिहिले. तो भास आजही तेवढाच बलवान आहे, आणि आजचे यंत्र एलायझाच्या हजारपट सफाईने बोलते.

मधली काही दशके ‘वीजबिलासाठी १ दाबा’ छापाच्या यंत्रांची गेली. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली आणि भाषा-प्रारूपे भराभर मोठी होऊ लागली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी खुले केले. पहिल्या पाच दिवसांत १० लाख लोकांनी खाती उघडली. ॲंड्रॉइड फोनसाठीचे ॲप जुलै २०२३ मध्ये आले, आणि ते सर्वांत आधी मिळालेल्या मोजक्या देशांत भारत होता. जून २०२४ मध्ये जेमिनीचे ॲप भारतात नऊ भारतीय भाषांसह उतरले, त्यांत मराठी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचे निळसर गोल चिन्ह दिसू लागले आणि चॅटबॉट असा शब्दही न ऐकलेल्यांच्या हाती तो आयता पडला. पुष्कळांची त्याच्याशी पहिली गाठ चुकून बोट लागल्यामुळेच पडली असणार.

ॲप फोनवर घेणे सोपे आहे, फक्त नावाला फसू नये. ॲप स्टोअरमध्ये प्रसिद्ध चॅटबॉटच्या नावाशी आणि चिन्हाशी मिळतीजुळती ॲपे असतात. ती आधी जाहिराती दाखवतात, मग आठवड्याला पैसे मागतात. नावाखाली कंपनीचे नाव बारीक अक्षरांत असते, ते पाहून मगच ‘इन्स्टॉल’ दाबावे. ई-मेल किंवा मोबाइल क्रमांकाने खाते उघडते. फुकट वापराला मर्यादा असते. ती संपली की ॲप काही तास थांबायला सांगते किंवा कमी कुवतीच्या प्रारूपावर उतरते. सुरुवातीला पैसे भरण्याचे काही कारण नाही. रिचार्जबरोबर वर्ष-दीड वर्ष मोफत मिळणाऱ्या सशुल्क योजनांना मुदत असते, आणि मुदतीनंतर आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली आहे का हे पाहून ठेवावे.

आता विचारण्याकडे. घरात सातबारा असतो, पण त्यावरचे शब्द घरातल्या निम्म्या माणसांना उलगडत नाहीत. म्हणून तेच उदाहरण घेणे सोयीचे. गाव नमुना ७ म्हणजे जमिनीवर कोणाचा हक्क त्याचा अभिलेख आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. पोटखराब म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन; पण एखाद्याने चौकटीत नुसते ‘पोटखराब म्हणजे काय’ असे लिहिले, तर उत्तर जमिनीऐवजी अपचनावर घसरण्याचा धोका असतो. ‘सातबारा म्हणजे काय’ असे लिहिले तर शाळेतल्या निबंधासारखी एक पानभर माहिती येते. ती चुकीची नसते, पण विचारणाऱ्याच्या कागदाबद्दल त्यात काहीच नसते. तोच प्रश्न असा लिहिता येतो:

‘वडिलांच्या नावावर पुणे जिल्ह्यात शेतजमीन आहे. सातबाऱ्यावर लागवडयोग्य क्षेत्र ०.८०.०० हे.आर.चौ.मी., पोटखराब ०.०५.०० आणि भोगवटादार वर्ग २ असे आहे. या तीन नोंदींचा अर्थ सोप्या मराठीत सांगा. क्षेत्र एकर-गुंठ्यांत काढा आणि हिशोब दाखवा. जिथे खात्री नाही तिथे तसे लिहा.’

फरक लांबीचा नाही. दुसऱ्या प्रश्नात जागा आहे, कागदावरचे आकडे आहेत, उत्तर कोणत्या रूपात हवे ते आहे. चॅटबॉटला समोरच्याचे गाव, वय, शिक्षण, अडचण यांतले काहीही दिसत नाही. चौकटीत जे आले तेवढेच त्याचे जग. तलाठ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाचे अर्धे म्हणणे तलाठ्याला न सांगता कळते. येथे ते अर्धेही लिहावे लागते.

‘हिशोब दाखवा’ हे दोन शब्दांचे शेपूट विशेष कामाचे. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. गावात बोलताना आर आणि गुंठा सर्रास एकच धरतात. चॅटबॉटनेही तसेच धरले तर तो ८० आर म्हणजे ८० गुंठे, म्हणजे बरोबर २ एकर असे ठोकून देईल. प्रत्यक्षात ८००० चौरस मीटरला १०१.१७ ने भागले की ७९ गुंठे येतात, म्हणजे १ एकर ३९ गुंठे. तफावत जेमतेम एका गुंठ्याची, पण तेवढ्या जवळपास हजार चौरस फुटांत एक घर बसते. हिशोब समोर मांडलेला असेल तर अशी चूक पाचवीतला मुलगाही पकडतो. नुसते उत्तर आले असेल तर ती कोणालाच दिसत नाही.

एका प्रश्नावर थांबायचे नसते. वरच्या उत्तरानंतर ‘पोटखराब यात धरले आहे की वेगळे?’ असे विचारले की हिशोब पुढे सरकतो: दोन्ही मिळून ८५ आर, म्हणजे ८४ गुंठे, २ एकर ४ गुंठे. ‘वर्ग २ म्हणजे विकता येत नाही का?’ याचे योग्य उत्तर असे की, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अशी जमीन हस्तांतरित करता येत नाही, आणि अटी कोणत्या हे ती जमीन वर्ग २ कशामुळे झाली यावर ठरते. ती इनामाची असू शकते, सरकारने वाटलेली, पुनर्वसनात मिळालेली किंवा कुळकायद्याने आलेली. हे कारण फेरफार नोंदीत असते आणि ती नोंद चॅटबॉटने पाहिलेली नसते. चांगला चॅटबॉट इथे उलट प्रश्न विचारतो. साधारण चॅटबॉट बेधडक पाच मुद्दे लिहून मोकळा होतो.

कागदाचा फोटो काढून देण्याची सोयही आता बहुतेक ॲपांत आहे. छापील, सरळ काढलेला, सावली न पडलेला फोटो असेल तर मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचला जातो. जुने हस्ताक्षर, मोडी, शिक्क्याखाली दबलेली अक्षरे यांबाबत मात्र भरवसा धरू नये; न वाचता आलेला शब्द सोडून देण्याऐवजी यंत्र त्या जागी शोभेलसा शब्द बसवते. फोटोतून काय वाचले ते आधी जसेच्या तसे उतरवून दाखवायला सांगावे, अर्थ त्यानंतर विचारावा.

एका संभाषणात आधी सांगितलेले पुढे लक्षात राहते, पण त्यालाही हद्द असते. फार लांबलेल्या संभाषणात सुरुवातीचे तपशील निसटतात. जमिनीच्या गप्पांत मध्येच पुरणपोळीचे प्रमाण विचारले आणि पुन्हा जमिनीकडे वळले तर गोंधळ वाढतो. विषय बदलला की नवे संभाषण उघडणे बरे.

मराठीत विचारावे की इंग्रजीत, हा प्रश्न हमखास येतो. मराठीत विचारले तर चालते, ‘majhya’ असे रोमन लिपीत न लिहिता देवनागरीत लिहिले तर अधिक बरे चालते, आणि माइक दाबून बोलले तरीही चालते. आकडे मात्र बोलू नयेत, टाइप करावेत. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत माणसांचाही घोटाळा होतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोललेले कधी नीट उमगते, कधी उमगत नाही, आणि उत्तर बहुतेक वेळा पुस्तकी प्रमाण मराठीतच येते.

या पुस्तकीपणाचे मूळ शिकवणीत आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांच्या आसपास होते, पण आंतरजालावरचा मराठी मजकूर त्या मानाने फार थोडा. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सुमारे एक लाख लेख आहेत, इंग्रजीवर त्याच्या कितीतरी पट. शिवाय देवनागरी यंत्राला महाग पडत आली. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या हिशेबी पाच वर्णचिन्हे आहेत आणि रूढ साठवणपद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात. रोमन अक्षराला एक. तुकडे जास्त म्हणजे वेळ आणि खर्च जास्त. यात सुधारणा झाली आहे: मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या नव्या प्रारूपाबरोबर ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराला आधी ९६ टोकन लागत, ती ३३ वर आली.

मराठी कमी वाचलेले यंत्र हिंदी आणि इंग्रजीच्या आधाराने चालते आणि तो आधार मधूनच उघडा पडतो. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते, मराठीतली शिक्षाही कधी काळी शाळेतच मिळे, पण अर्थ वेगळा. ‘चेष्टा’, ‘राजीनामा’, ‘संसार’ हे शब्दही असेच दगा देतात. स्त्रीने अर्ज सांगितला तरी खाली ‘विनंती करतो’ असे येते. म्हणून लिहिणारी कोण हे सुरुवातीलाच सांगावे. याहून सूक्ष्म घोटाळा ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाने इंग्रजी नोटिशीचे मराठी करून घेतले आणि ‘लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही वाटून घेऊ’ असे आले, तर वाचणारे सभासद खूश होतील: खर्च समिती करणार! ‘आपण वाटून घेऊ’ हवे होते. व्याकरण दोन्ही वाक्यांचे बरोबर आहे, त्यामुळे यंत्राला खटकत नाही. सर्वसाधारण सभेत मात्र खटके उडतात.

आता चुकांविषयी. भज्यांच्या उदाहरणात कढई पाहिली गेली नव्हती हे येथे आठवावे. चॅटबॉट शोभणारा शब्द निवडतो, आणि खरे बहुधा शोभतेही, म्हणून उत्तर बहुधा खरे निघते. जिथे माहिती विरळ तिथे शोभणारे आणि खरे यांची फारकत होते, पण वाक्याची सफाई तसूभरही कमी होत नाही. माणूस बनवाबनवी करताना अडखळतो, नजर चुकवतो; बोलण्याच्या ढंगावरून माणूस ओळखण्याची पिढीजात सवय या यंत्रापुढे निरुपयोगी ठरते.

याची परीक्षा घरी घेता येते. चॅटबॉटला तुकाराम महाराजांचा अमुक विषयावरचा अभंग मागावा. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि एखाद्या प्रसिद्ध अभंगाचे शब्द तो बरोबर देईलही. पण मोबाइलच्या व्यसनावरचा किंवा एखाद्या अनवट विषयावरचा अभंग मागितला, तर नवीच रचना बाहेर पडते. मात्रा जवळपास जमलेल्या, शब्द जुन्या वळणाचे, शेवटी ‘तुका म्हणे’ ठरल्या जागी. नाममुद्रा बसवणे यंत्राला सर्वांत सोपे, कारण साचा ठाम आहे. अशी रचना कोणी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलली की आषाढीपर्यंत ती वारीच्या छायाचित्रावर छापून येते. गाथा उघडून पाहणे हाच यावर उपाय.

न्यायालयात याची किंमत मोजावी लागली आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघराज्य न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या पेढीला ५,००० डॉलर दंड केला. एव्हियान्का या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी सादर केलेले काही पूर्वनिर्णय अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. हे निवाडे खरे आहेत का, असे एका वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारले होते, आणि त्याने होकार दिला होता. साक्षीदाराची साक्ष त्याच्याकडूनच पडताळून घेण्याचा हा प्रकार. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाचे प्रकरण आले. घरातल्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्यांच्या सवलतीबद्दल कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने चुकीची माहिती दिली होती. आपल्या बोलण्याची जबाबदारी चॅटबॉटची स्वतःची, असा युक्तिवाद कंपनीने करून पाहिला. तो फेटाळला गेला आणि प्रवाशाला भरपाई मिळाली. फुकटच्या ॲपवरून घेतलेल्या सल्ल्याने नुकसान झाले तर अशी भरपाई मिळेल, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही. त्या ॲपच्या अटींत बहुधा उलटेच लिहिलेले असते.

आणखी एक खोड आहे, होला हो करण्याची. ‘नक्की का?’ एवढे विचारले की चॅटबॉट पुष्कळदा माफी मागून बरोबर उत्तरही बदलतो. ‘कांद्याला यंदा भाव चढणार ना?’ असे विचारले की भाव का चढेल याची कारणे मिळतात, ‘पडणार ना?’ विचारले की पडण्याची. प्रश्नात आपले मत न दाखवता विचारावे. भावाचेच म्हटले तर प्रारूपाची शिकवण एका तारखेला थांबलेली असते. लासलगावच्या बाजार समितीत आज काय दर निघाला हे त्याला शिकवणीतून कळणे शक्यच नाही. ॲपने त्या वेळी आंतरजालावर शोध घेतला तरच कळते. तसा शोध घेतला असेल तर उत्तरासोबत दुवे येतात. ते उघडून पाहिले नाहीत, तर ते असून नसल्यासारखेच.

कोणते काम द्यावे याचा अंदाज यावरून बांधता येतो. हातातला कागद सोपा करून सांगणे, लिहिलेला अर्ज नीट करणे, ‘विषय’ आणि ‘महोदय’ यांसह पत्राचा साचा तयार करणे, इंग्रजी नोटिशीचा मथितार्थ, मुलाखतीचा सराव, बचतगटाच्या पापडांच्या पाकिटावरचा मजकूर ही कामे तो झकास करतो. त्यांत सत्य वापरणाऱ्याच्या हाती असते, यंत्राकडून फक्त भाषा घ्यायची असते. जिथे सत्यच यंत्राकडून घ्यायचे आहे, म्हणजे योजनेची शेवटची तारीख, औषधाची मात्रा, फवारणीचे प्रमाण, कायद्याचे कलम, तिथे उत्तराला टिपण समजावे आणि मूळ जागी जाऊन पाहावे. सातबाऱ्याच्या बाबतीत मूळ जागा म्हणजे राज्याचे महाभूलेख हे संकेतस्थळ आणि तलाठी कार्यालय. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. औषधाबाबत ती जागा डॉक्टर. डॉक्टरांना काय काय विचारायचे याची यादी मात्र चॅटबॉट सुरेख करून देतो, आणि वृद्धांना तिचा उपयोग होतो. छातीत दुखत असताना चौकटीत टाइप करत बसू नये, १०८ लावावा. रात्री-अपरात्री मन फार खचले तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर माणूस बोलतो. एलायझाच्या काळापासूनचा तो भास, पलीकडे कोणी ऐकते आहे हा, अशाच वेळी सर्वांत घट्ट पकडतो.

काय लिहू नये याची यादी आखूड आहे, पण ती मोडू नये: ओटीपी, पिन, पासवर्ड, आधार क्रमांक, बँक खाते, दुसऱ्याच्या आजाराचे कागद. सातबाऱ्याचा अर्थ कळायला खातेदाराचे नाव आणि गट क्रमांक लागत नाही. फोटो देण्याआधी तो भाग बोटाने झाकावा. संभाषणे कंपनीच्या संगणकांवर साठतात आणि पुष्कळ ॲपांत, सेटिंग बदलले नाही तर, पुढच्या शिकवणीला वापरली जातात. ‘शेअर’चे बटण तर विशेष जपून दाबावे. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास चॅटजीपीटीवरून शेअर केलेले काही संवाद गुगलच्या शोधात सापडू लागले. त्यांत लोकांची खासगी दुःखे होती. कंपनीने मग असे संवाद शोधात दिसू देण्याची सोय काढून टाकली. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळण्यास पालकांची संमती लागते. ॲपांच्या अटींत किमान वय कुठे १३, कुठे १८ असते. घरात मात्र आजोबांच्या खात्यावरून नातू गृहपाठ करून घेतो, आणि अटी कोणी वाचत नाही. चॅटबॉटच्या नावाने कोणी पैसे उकळले, तर सायबर तक्रारीचा क्रमांक १९३० आहे.

फोन विकताना किंवा घरातल्या दुसऱ्याला देताना नुसते ॲप काढून टाकणे पुरत नाही. ॲप गेले तरी खाते आणि त्यातली सारी संभाषणे कंपनीकडे राहतात. नव्या फोनवर लॉग-इन केले की ती जशीच्या तशी परत दिसतात. एकेक संभाषण पुसण्याची सोय यादीत त्या नावावर बोट दाबून धरले की बहुतेक ॲपांत सापडते, सगळी एकदम पुसण्याची सेटिंगमध्ये डेटाशी संबंधित भागात, आणि खाते बंद करण्याचीही साधारण तिथेच. पुसलेले संभाषण कंपनीच्या संगणकावरून जायला आणखी काही दिवस लागतात. हे सारे आधी करावे, ॲप काढून टाकणे सर्वांत शेवटी.